रुमालाखालचा भाव

मार्केट यार्डात, हळदीच्या सौद्यात,
सकाळी साडेअकराला
अण्णांचा उजवा हात रुमालाखालीच गेला.
समोरच्या खरेदीदाराला वाटलं, भाव पटला नाही
म्हणून बोटं सैल सोडली.
मग तोंडाची एक बाजू उतरली,
पोत्याची शिवण उसवावी तशी.
दस्तगीर हमालानं पाठीवरचं ओझं तिथंच टाकलं
आणि अण्णांना उचललं.
आयुष्यात पहिल्यांदाच, म्हणतो,
वजनाचा अंदाज चुकला.

मिरजेत डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
डाव्या बाजूला, खोल, एक पांढरा डाग.
रक्त पांढरं दिसू शकतं, हे मला तिथं कळलं.
"नस फुटलीय. रक्त साचलंय, त्यानं मेंदू दबलाय.
ओसरेल हळूहळू.
ओसरल्यावर काय शिल्लक राहील
ते आज नाही सांगता येणार."
आई म्हणाली, म्हणजे पुरासारखंच.
डॉक्टर सांगलीचेच. नुसती मान हलवली.

ऑगस्टात अण्णा तासातासाला विचारायचे,
आयर्विन पुलाजवळ किती फूट?
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका,
गल्लीतल्या पोराटोरांनाही पाठ.
त्यांचं स्वतःचं दोनशे दहा
कुणी कुठल्या खांबावर रंगवलं नव्हतं.
गोळ्या होत्या. कपाटात, पावत्यांच्या गठ्ठ्यामागं.
बरं वाटतंय की, म्हणून दिवाळीपासून बंद.

अकरा दिवसांनी घरी आले
एकच शब्द घेऊन:
पोतं.
चहा पोतं. उशी पोतं. पंखा लावा, पोतं.
मी पोतं, कॅलेंडर पोतं,
आईला हाक मारायची तरी पोतं,
आणि तोंडातून भलतंच निघालं हे कळायचं त्यांना,
म्हणून डोळे भरायचे.
पण णमोकार सुरू केला की शेवटपर्यंत स्वच्छ.
एक ते वीस स्वच्छ.
आणि एकदा पाय खुर्चीवर आपटला तेव्हा एक शिवी,
इतकी खणखणीत
की आईनं हातच जोडले, हसत.
फिजिओच्या अश्लेषाताई म्हणाल्या,
असलं सगळं वेगळ्या खोलीत ठेवलेलं असतं.
तिथवर पाणी गेलं नाही.

मग चिखल काढणं.
बोट उघड, बोट मिट.
परडीतलं हळकुंड उचलून दुसऱ्या परडीत.
पहिल्या महिन्यात एकही नाही.
दुसऱ्यात तीन,
तीही अंगठ्याच्या बेचक्यात अडकवून.
कधी डाव्या हातानं सगळी परडी भिरकावायचे,
फरशीभर हळकुंडं.
मी वेचत बसायची आणि मनातून चिडायची त्यांच्यावर.
हे लिहून ठेवते,
नाहीतर विसरेन
आणि चांगली मुलगी ठरेन.

परवा संध्याकाळी त्यांनी नॅपकिन ओढला,
माझ्या हातावर टाकला,
आणि खाली त्यांची उजवी बोटं
हलली.
माझी दोन बोटं धरली. दाबली. सोडली.
पुन्हा धरली.
ही भाषा मला कुणी शिकवली नव्हती,
पोरीला कशाला सौदा.
आता यार्डात भाव उघडच बोलतात;
रुमाल न सोडणारे दोघंतिघंच उरले होते.

दस्तगीरला बोलावलं.
तीस वर्षं नुसतं बघून शिकलेला.
तो जमिनीवर बसला, हात दिला, डोळे मिटले.
"चौदा हजार तीनशे," म्हणाला,
आणि गप्पच झाला.
मग, "ह्यो त्या दिवसाचा भाव हाय, ताई.
सौदा आर्धाच राह्यलाय म्हणत्यात."

मी नॅपकिनखाली हात घातला,
अंदाजानं एक बोट दाबलं.
काय कबूल केलं, मला ठाऊक नाही.
त्यांच्या तोंडाची चांगली बाजू हसली,
दुसरी थोडी मागून.
आत कुकरची शिट्टी झाली.
"पोतं!" त्यांनी हाक मारली.
स्वयंपाकघरातून आई म्हणाली,
"ओ."